नारळाच्या मापाचं टोपडं

मुलांनो, उजव्या हाताचा अंगठा जरा वर करा. आता असं समजा, की त्या अंगठ्याला थंडी वाजते आहे आणि त्याच्यासाठी कुणीतरी स्वेटर विणला आहे. खोटा नाही, खराखुरा, लोकरीचा. दोन बाह्या, गळ्याला दुमडलेली पट्टी, पुढं मोहरीएवढी बटणं. शेजारी एक बटवा ठेवा. त्यात तुरीचा एक दाणा मावतो. दुसरा कोंबलात तर शिवण तुटेल. आणि मोजे म्हणाल तर तुमच्या करंगळीचं टोकसुद्धा त्यात शिरायचं नाही.

आलं डोळ्यांपुढं? मग आता तो अंगठा तसाच धरून माझ्याबरोबर परतूरला चला. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं होतं. दिवाळी सरली की मोंढ्याच्या बाजाराकडं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. वाटेतल्या बोरी-बाभळींना कापूस अडकायचा आणि झाडं म्हातारी झाल्यासारखी दिसायची. त्या वाटेवर, आडतीच्या दुकानामागच्या घरात, संतोष नावाची एक मुलगी राहत होती. आठ वर्षांची. तिच्या आईच्या कडेवर एक भाऊ असे, पदराला दुसरा. त्यामुळं संतोष नावाला आईची आणि खरी काकीची. सकाळी वेणी काकीकडं, दुपारी जेवण काकीच्या ताटात, रात्री गोष्ट काकीच्या कुशीत.

काकीचं नाव भंवरीबाई. तिला स्वतःचं मूल नव्हतं. म्हणजे झाली होती, दोन. राहिली नव्हती.

त्या वर्षी संतोषच्या मामांनी, हीरालालजींनी, मुंबईहून एक बाहुली आणली. घरात तोवर चिंध्यांच्या बाहुल्या होत्या. गोल डोक्याच्या, काजळानं डोळे काढलेल्या. ही वेगळीच निघाली. ही मूल नव्हतीच, चांगली मोठी बाई होती. मुठीत मावेल अशी कंबर, सोनेरी केस, उंच टाचांचे बूट, ओठ रंगवलेले आणि अंगावर गुडघ्याच्या वर थांबलेला एक झगा. संतोषनं तिचं नाव ठेवलं मेमबाई.

संतोषची दादी, लाडबाई, चष्मा पुसून तिच्याकडं बघतच राहिली.

"ही बाहुली म्हणायची का नाटकातली नटवी? भंवरी, अगं झाक तिला आधी! घरात जवान पोरं येतेत जातेत."

"दादी, ती प्लास्टिकची आहे," संतोष म्हणाली.

"शरम काय प्लास्टिकची असती का?"

तर मेमबाईचे कपडे सुरू झाले ते असे, दादीच्याच हुकमानं. हे ध्यानात ठेवा.

काकी विणायला माहेरी, जाफराबादला, शेजारच्या मास्तरणीकडून शिकली होती. पण माणसांचे स्वेटर विणायच्या सुया बाहुलीला कुठल्या चालायला? काकीनं सायकलच्या चाकाच्या मोडक्या तारा मागवल्या, मागच्या पडवीच्या फरशीवर पाणी टाकून त्यांची टोकं घासली आणि केसांतून फिरवून गुळगुळीत केली. जुन्या मफलरची लोकर उसवली. तीन पदरांची लोकर जाड होते म्हणून एकेक पदर वेगळा केला. संतोष दोन्ही हात पुढं करून समोर बसायची आणि काकी तिच्या हातांवर ती लोकर गुंडाळायची.

"पदर तुटतो का गं काकी?"

"ओढला तर तुटतो. सोडला तर येतो आपोआप."

तुमच्यापैकी कुणी विणलं असेल त्याला ठाऊक असेल, विणकामात टाके दोनच, सुलट आणि उलट. बाकी सगळं मोजमाप. मोठ्या माणसाच्या स्वेटरात दोन टाके जास्त झाले तर कुणाला कळत नाही. मेमबाईच्या स्वेटरात एक टाका जास्त झाला, तर खांदा खाली ओघळतो. काकी दोऱ्यानं माप घ्यायची, मेमबाईच्या दंडाचं, गळ्याचं, घोट्याचं. आणि दोऱ्याला गाठी मारून ठेवायची. एकदा विणलेलं पुन्हा उसवावं लागलेलं संतोषनं पाहिलं नव्हतं. शेजारच्या मुली आल्या, की ती मोठ्या तोऱ्यात सांगायची, "आमच्या काकीचं माप चुकतच न्हाई."

स्वेटर झाला. शाल झाली, बटवा झाला, मोजे झाले. दूध घालायला धनगरवाड्यातून जयवंताबाई यायची. ती डोक्यावरची चरवी उतरवायच्या आधी पडवीत डोकवायची.

"आज काय शिवलं जी नवरीला?"

"शिवत न्हाईत, विणतेत," संतोष म्हणायची.

"तेच ते. माझा पोरगा धुळाजी थंडीत कुडकुडून राह्यला अन् हिथं पलास्टिकला सोटर!" जयवंताबाई कपाळावर हात मारायची. पण दुसऱ्या दिवशी पदराच्या गाठीतून मेंढीची काळी लोकर घेऊन आली. "घ्या. हिला एक घोंगडं करा. मेमसाब झाली तरी मराठवाड्यात आली न? घोंगड्याबिगर कशी ऱ्हाईल?"

काकी हसली. तळहाताएवढं घोंगडं झालं, काठाला लाल पट्टी घालून.

काकीला त्या वेळी दिवस राहिले होते. पौषात बाळ होणार होतं.

आता त्या घरातली एक रीत सांगतो. त्या काळी ती पुष्कळ घरांत होती. बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करायचं नाही. झबलं शिवायचं नाही, दुपटं आणायचं नाही, पाळण्याची दोरीसुद्धा नवी घ्यायची नाही. केलं तर दृष्ट लागते, येणारं पाऊल उंबऱ्यातून मागं फिरतं, असं म्हणत. बाळ आलं, की आजोबांच्या जुन्या धोतरात गुंडाळायचं. नवं काय ते पाचवी पुजल्यावर. दादीनं ही रीत आपल्या सासूकडून घेतली होती. तिची स्वतःची चार मुलं गेली होती. उरलेली दोन तिला वाटे या रीतीमुळंच उरली.

काकीचं दुसरं बाळही पौषातलंच होतं. ते जुन्या धोतरात तीन दिवस राहिलं आणि चौथ्या पहाटे त्याचे हातपाय माठासारखे गार लागले. त्याबद्दल काकी कुणाशी बोलत नसे. एकदा मात्र संतोषनं ऐकलं. काकी मेमबाईला घोंगडं पांघरत होती आणि बोलत होती तीही मेमबाईशीच.

"थंडी लई वाईट गं बाई. डोक्यातून शिरती. अंग झाकून काय उपयोग?"

दोन-चार दिवसांनी काकीनं पिवळी लोकर काढली. तिचे पदर वेगळे केले नाहीत. टाकेही भरपूर घातले. संतोष बघत होती.

"मेमबाईला काय करून राह्यली?"

"टोपडं."

"एवढं मोठं?"

काकी टाके मोजत राहिली. दुपारी घर निजलं होतं तेव्हा तिनं देवघरातला सोललेला नारळ आणला, मांडीवर ठेवला आणि टोपडं त्याच्यावर चढवलं. नारळाचे तीन डोळे तुम्ही पाहिलेत ना? दोन डोळे आणि एक उघडलेलं तोंड. टोपड्याखालून तो चेहरा असा काही बघू लागला, की संतोष खुदकन हसली. काकीही हसली. मग तिनं नारळ तसाच उचलून छातीशी धरला. थोडा वेळ, अगदी थोडा वेळ. नारळ देवघरात परत गेला आणि टोपडं मेमबाईच्या कपड्यांच्या बिस्किटाच्या डब्यात, सगळ्यांत खाली.

‘कुणाला सांगू नको’ असं काकी म्हणाली नाही. लहान मुलीच्या जिवाला कशाला ओझं, असं तिला वाटलं असेल.

कार्तिकातली गोष्ट. दादी अंगणात उन्हाला बसली होती. संतोषला वाटलं, दादीनं झाकायला सांगितलं होतं ना, मग तिला दाखवू या केवढी झाकली ते. तिनं डबा आणला आणि सतरंजीवर एकेक कपडा मांडला. दादी बघत गेली. घोंगड्यापाशी तर चक्क हसली.

"हात आहे हां भंवरीचा. बारीक काम आहे."

त्या कौतुकानं संतोषला इतकं भरतं आलं, की तिनं डबा उपडाच केला. पिवळं टोपडं दादीच्या पायांपाशी पडलं.

दादीनं ते उचललं. दोन बोटांत धरून मेमबाईच्या डोक्यावर ठेवलं. मेमबाई गुडघ्यांपर्यंत आत गेली. नुसती टाचांचे बूट घातलेली पिवळी घंटी दिसायला लागली. संतोष हसली. दादी हसली नाही. तिनं पडवीकडं पाहिलं. काकी तिथं दारात उभी होती आणि तिचा हात चौकटीवर होता.

दादी वाईट बाई नव्हती, मुलांनो. तिनं जे विचारलं ते घाईनं, जवळजवळ विनवणी केल्यासारखं विचारलं. तिला एकच उत्तर हवं होतं.

"बाहुलीचंच आहे न गं हे, संतोष? माप चुकलं असंल काकीचं. हो न?"

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पण संतोषच्या कानांनी एवढंच ऐकलं, की काकीचं माप चुकलं.

"बिलकुल न्हाई!" ती ताठ बसून म्हणाली. "काकीचं माप कधीच चुकत न्हाई. नारळाला बराबर बसलं होतं. मी सोता पाह्यलं."

दादीनं टोपड्याची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि ते मुठीत धरून ती उठली. आपली लोखंडी पेटी उघडली, टोपडं आत टाकलं, कुलूप लावलं. काकीला ती एवढंच म्हणाली, "दोन गेले तरी अक्कल आली न्हाई तुला."

त्या दिवसापासून दादी रोज दृष्ट काढू लागली. मीठ-मोहरी चुलीत तडतडायची आणि काकी खाली मान घालून बसायची. संतोषनं एकदा विचारलं, "काकी, तू माझ्याशी बोलत का न्हाईस?"

"बोलते की," काकी म्हणाली. पण सुयांना तिनं हात लावला नाही. मेमबाईचा एक हातमोजा त्या तारांवर अर्धा लटकत राहिला.

पौषात मुलगी झाली. पहाटे झाली आणि लगेच रडली. संतोषला दाराच्या फटीतून दिसली, जुन्या धोतरात गुंडाळलेली, काळ्याभोर केसांची. थंडी अशी होती, की रांजणातलं पाणी हाताला चावत होतं. आत काकीचा आवाज ऐकू येत होता.

"आता तर आली न ती. आता तरी ते टोपडं द्या. पाया पडते तुमच्या. डोकं बघा किती गार लागून राह्यलं."

"त्या टोपड्याचं नाव काढू नको," दादी म्हणाली. तिचाही आवाज रडका होता. "त्याची सावली पडू द्यायची न्हाई तिच्यावर. शेगडी आणते मी."

दादीनं शेगडी आणली. एक विझायला आली, की दुसरी आणली. रात्रभर ती म्हातारी त्या बाळापाशी बसून होती, हे खोटं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी गेली.

कशानं गेली? काकीला वाटलं, थंडीनं. दादीला वाटलं, टोपड्यानं. मला विचाराल तर मला ठाऊक नाही. तेव्हा बाळं जायची, जवळ दवाखाना नसायचा, आणि माणसाला कारण सापडलं नाही, की ते हाताला लागेल त्याला कारण म्हणायचं. त्या घरात टोपडं हाताला लागलं.

दादीनं आरडाओरडा केला नाही. बारा-तेरा दिवस गेल्यावर तिनं झुंबरलालला, म्हणजे काकीच्या नवऱ्याला, बोलावलं. "हिला माहेरी पोचव. जरा हवापालट होईल."

"कधीपर्यंत?" काकानं विचारलं.

दादी माळ ओढत राहिली. काकानं पुन्हा विचारलं नाही. तो दुकानात जाऊन गादीवर बसला. संतोषची आई पीठ मळत होती, तिनं डोळे पुसले आणि पीठ मळत राहिली. हवापालट म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळलं होतं. संतोषलाही कळलं, कारण कुणी तिला सांगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंताबाई दूध घालायला आली, तेव्हा संतोषनं तिला मागच्या दारापाशी गाठलं.

"जयवंताबाई, टोपडं आधी केलं की बाळ मरतं का?"

जयवंताबाईनं चरवी खाली ठेवली. "माज्या मेंढ्यास्नी कोन टोपडं करतंय गं बाय? तरीबी दर थंडीत कोकरं मरत्यातच की."

"मंग काकीला का पाठवून राह्यले?"

जयवंताबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "ते मला नको इचारू," ती म्हणाली आणि चरवी उचलून गेली.

मग संतोष दादीकडं गेली. दादी देवघरात होती. संतोषनं सगळं धैर्य गोळा केलं होतं.

"दादी, मी नारळाचं खोटं बोलले होते. ते मेमबाईचंच होतं."

दादीनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, थकून पाहिलं.

"खोटं तू आत्ता बोलून राह्यली, बेटा. तवा खरं बोलली होतीस. जा, खेळ."

दुपारच्या गाडीसाठी टांगा आला. जालन्यापर्यंत रेल्वे, पुढं जाफराबादला बस. काकीच्या सामानात एक ट्रंक होती आणि एक वळकटी. दादीनं आपली लोखंडी पेटी उघडली आणि ते पिवळं टोपडं आणून ट्रंकेवर ठेवलं.

"हे घरात नको," ती म्हणाली आणि आत गेली.

काकीनं टोपडं उचललं. त्याच्या घड्या मोडल्या. दोन महिने पेटीत दाबून त्यावर आडव्याउभ्या वळ्या पडल्या होत्या. तिनं त्या अंगठ्यानं सारख्या केल्या, अगदी विणून झाल्यावर करायची तशी. मग ती संतोषसमोर बसली आणि टोपडं तिच्या हातात दिलं.

"मेमबाईच्या डब्यात ठेव."

"पण तिला ते मोठं होतं, काकी."

"हो," काकी म्हणाली. "माझं माप चुकलं गं."

संतोषला ‘न्हाई’ म्हणायचं होतं. काका टांग्यात पुढं बसला होता आणि त्याचं तोंड रस्त्याकडं होतं. टांगेवाला म्हणाला, "जल्दी करा, गाडी चुकंल." काकी चढली. टांगा कापसाच्या गाड्यांमागून अडखळत गेला आणि कोपऱ्यावर वळला. काकीनं मागं वळून पाहिलं असेल तर ते संतोषला दिसलं नाही. मध्ये कापसाची गाडी आली होती.

संतोष रडली नाही. ती तशीच, हातात टोपडं घेऊन, बोरी-बाभळींच्या वाटेनं गेली आणि काट्यांना अडकलेला कापूस वेचू लागली. बोटांना काटे लागले. ओचा भरला तेव्हा ती परत आली आणि मागच्या पडवीत, काकीच्या जागेवर, भिंतीला टेकून बसली. शेजारी त्या तारांवर अर्धा हातमोजा तसाच होता.

तिनं मेमबाईला मांडीवर घेतलं. सोनेरी केसांवर कापसाचा एक थर बसवला आणि पिवळ्या लोकरीच्या तुकड्यानं बांधला. ओढला नाही, सैल सोडून बांधला. त्यावर दुसरा थर. त्यावर आणखी. मध्येच ती उठली, देवघरातून नारळ घेऊन आली आणि त्याच्याभोवती दोरा फिरवून गाठ मारली. तोच दोरा मेमबाईच्या डोक्याभोवती लावून पाहिला. थोडं कमी पडत होतं. तिनं आणखी कापूस घातला, पुन्हा माप घेतलं. मेमबाईचे रंगवलेले ओठ कापसात बुडाले, डोळे बुडाले. दोऱ्याचं टोक गाठीला टेकलं तेव्हा तिनं पिवळं टोपडं चढवलं आणि हनुवटीखाली बंद बांधला.

टोपडं कुठं ढिलं नव्हतं, कुठं घट्ट नव्हतं.

डोकं एवढं मोठं झालं होतं, की मेमबाईची बारीक मान ते पेलेना. ते एकसारखं बाजूला कलंडत होतं. तेव्हा संतोषनं नव्या बाळाला धरतात तसा एक तळहात तिच्या मानेखाली धरला, दुसरा पाठीखाली, आणि हळूहळू, पावलं जपून टाकत, ती दादीपाशी देवघरात गेली.

"दादी, बघ," ती म्हणाली. "बराबर बसलं."